दोन बोटं माया

“कोट आतून कसा होता?”

बाबांनी फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. ऑगस्ट २०१२ मधली गोष्ट. कंपनीनं चार महिन्यांसाठी लंडनला पाठवलं होतं आणि त्या शनिवारी बार्बिकन सेंटरमध्ये जेम्स बाँडच्या सिनेमांतले कपडे आणि सामान पाहून मी नुकतीच बाहेर आले होते. तळ्याकाठी विटांच्या पायरीवर बसून गावी फोन लावला. तिकडे पाच वाजले होते, आपल्याकडे साडेनऊ. रोवणी आटोपली होती, बाबा जेवून छपरीत बाजेवर पडलेले. सोन्याची बंदूक पाहिली, बुटात लपवलेला चाकू पाहिला, पोलादी दात पाहिले, बाँडचे सूट तर ओळीनं पाहिले, असं मी एका दमात सांगत सुटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोट आतून कसा होता.

“आतून नाही दिसला, बाबा. पुतळ्याच्या अंगावर होता. हात लावू देत नव्हते.”

“माया किती ठेवली थे नाही समजलं मंग?”

“नाही.”

“मंग पायलं का तुनं?”

ते रागावले नव्हते. तीन तास कोट पाहून माणूस शिवण न पाहता परत कसा येतो, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

ज्यांचा मशीनशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. कापड बेतताना शिंपी मापापेक्षा थोडं जास्त कापतो आणि ते जास्तीचं कापड शिवणीच्या आत दाबून ठेवतो. त्याला माया म्हणतात. दुकानातल्या तयार कपड्यात ती नावापुरती असते. बाबा दोन बोटं ठेवायचे, पाठीच्या मधल्या शिवणीत कधी अडीच. अंग भरलं की टाका उसवायचा, आतलं कापड बाहेर घ्यायचं, पुन्हा टीप मारायची. कोट तोच, माणूस नवा. कीर्तनात बुवा मायेबद्दल बोलू लागले की माझ्या डोळ्यांपुढे शिवणीच्या आत दुमडलेलं ते कापडच यायचं.

बाबा ड्रेपरीवाले होते, म्हणजे नाटकांना कपडे पुरवणारे. जूनमध्ये शाळेचे गणवेश, लग्नसराईत ब्लाउज आणि सफारी, पण दिवाळी झाली की आमच्या घरात दुसरं काहीच शिवलं जात नसे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान घरात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक असतं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा, कागदोपत्री देसाईगंज, हे या नाटकांचं गाव. हंगामात तिथं नाट्यमंडळांची कार्यालयं उघडतात, बाहेर फलक लागतात आणि गावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. ज्या गावी नाटक असेल तिथं समोरची माती खोदून मंच रचतात. मंच उंच होतो आणि खोदलेल्या जागेत बसायला खोलगट मैदान मिळतं. पाहुण्यारावळ्यांनी घरं भरतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो, तो पहाटेच पडतो. त्या रात्रभराच्या राजाला, पाटलाला, इन्स्पेक्टरला, नवऱ्यामुलाला अंगावर घालायला लागतं ते सगळं लोखंडी पेट्यांत भरून नेणारा माणूस म्हणजे माझे बाबा. सुरुवातीला भोंग्यावर नावं सांगत. नेपथ्य, ध्वनी, ड्रेपरी ही तिन्ही नावं निवेदक एका श्वासात म्हणून टाकत असे. मी दरवेळी कान देऊन ऐकायची आणि दरवेळी ते नाव लोकांच्या गलक्यात बुडायचं.

म्हणून बार्बिकनमध्ये मला सगळ्यांत आधी दिसल्या त्या पाट्या. प्रत्येक पोशाखाखाली लिहिलेलं होतं, कुठल्या सिनेमातला, कोणी घातला आणि कोणी केला. हे तिसरं नाव मी प्रत्येक पाटीवर शोधून वाचलं.

निमित्त बाँडपटांच्या पन्नाशीचं होतं. पहिला ‘डॉ. नो’ ऑक्टोबर १९६२ मध्ये आला. प्रदर्शन मांडणाऱ्यांत लिंडी हेमिंग होत्या. १९९५ च्या ‘गोल्डनआय’पासून २००६ च्या ‘कसिनो रोयाल’पर्यंतच्या पाच बाँडपटांचे कपडे त्यांनी केलेले. आत शिरायची वाट बंदुकीच्या नळीसारखी गोल. एका दालनात सगळंच सोनेरी, मधोमध फिरत्या गोल पलंगावर ‘गोल्डफिंगर’मधली ती सोन्यानं माखलेली बाई. लोक तिथं गर्दी करून उभे होते. मी थोडा वेळ थांबले आणि पुढे गेले. मला कपड्यांकडे जायची घाई होती.

सूट घातलेल्या पुतळ्यांना चेहरे नव्हते. ते बरंच झालं, कारण चेहरा असला की कापडाकडे लक्ष जात नाही. खांद्यावरून बाही कशी उतरते, मुंढ्यात चुणी आहे का, कॉलर मानेला चिकटून बसली का, हे मी बाबांच्या डोळ्यांनी पाहत होते. मग बाहीच्या टोकाशी वाकले. काज हे आमच्या घरात माझं काम. चौथीत असल्यापासून मी हातानं काज करत आले. रेशमी दोरा मेणातून ओढून घ्यायचा, चिरेच्या कडेनं टाक्याला टाका लावत जायचं, प्रत्येक टाक्याला गाठ बसली पाहिजे आणि कुठली गाठ शेजारणीपेक्षा मोठी दिसता कामा नये. शेवटी आडवे दोन टाके घेऊन तोंड बंद. एका काजाला दहा-बारा मिनिटं लागायची. समोरच्या बाहीवरचे काज मला हाताचेच वाटले. गाठी मोजता येतील इतक्या स्वच्छ होत्या. काचेला नाक लागेपर्यंत वाकले तशी पहारेकरी बाई दोन पावलं पुढे आली. मी सरळ उभी राहिले, पण त्या न पाहिलेल्या कारागिराशी ओळख झाल्यासारखं वाटलं.

शॉन कॉनरीचे सूट अँथनी सिंक्लेअर या लंडनच्या शिंप्यानं शिवले होते. कॉनरी एडिनबर्गच्या कष्टकरी घरातला. तरुणपणी घरोघर दूध पोहोचवायचा. ‘डॉ. नो’चा दिग्दर्शक टेरेन्स यंग त्याला स्वतःच्या शिंप्याकडे घेऊन गेला आणि सूट अंगात मुरावा म्हणून तो घालूनच झोप, असं त्याला सांगितलं, ही गोष्ट बाँडप्रेमींत फार सांगितली जाते. मी ती बाबांना सांगितली तेव्हा ते मनापासून हसले.

“बराबर हाय. दूधवाल्याले लाट सायेब कराचा हाय तं रातभर कोटात ठेवाच लागन.”

तेही हेच करत. नवा पोरगा पहिल्यांदा नाटकात उभा राहणार असला की दुपारीच त्याला कोट चढवायचे आणि पानठेल्यापर्यंत जाऊन ये म्हणायचे. सकाळी धान चुरणारा तो पोरगा कोट घालून गावातून निघाला की आधी हात कुठे ठेवावे ते त्याला कळायचं नाही. परत येईपर्यंत एक हात आपोआप खिशात गेलेला असायचा. बाबा दारातूनच म्हणायचे, आता झाला इन्स्पेक्टर.

एक गोष्ट मात्र त्यांना पटली नाही. हाणामारीच्या प्रसंगांसाठी एकच सूट डझनावारी शिवतात. नटासाठी वेगळे, त्याच्या जागी उड्या मारणाऱ्यांसाठी वेगळे, कोरडा, भिजलेला, बाही फाटलेला, रक्तानं माखलेला. फोनवर बराच वेळ शांतता होती.

“मंग त्या कोटाले अंगाची सवय कवा होते?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

पुढच्या शनिवारी मी एक काम केलं. मी राहत होते तिथून दोन थांब्यांवर कपडे सैल-घट्ट करून देणारं छोटं दुकान होतं. दुकानदार नैरोबीहून आलेले एक म्हातारे गुजराती काका. मी त्यांना हिंदीत सांगितलं, माझे वडील शिंपी आहेत, त्यांना इथला चांगला कोट आतून कसा असतो ते जाणून घ्यायचंय. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग आतल्या दांडीवरून एक करडा कोट काढून आणला. मापानं शिवलेला, कुणीतरी पाठीत सैल करायला दिलेला. काकांनी अस्तर अर्धं उसवलेलंच होतं. कोट त्यांनी टेबलावर पालथा टाकला आणि अस्तर बाजूला केलं.

आत जंगल होतं. छातीत घोड्याच्या केसांचं खरखरीत कापड, त्यावर तिरप्या हातशिलाईच्या रांगा, शेकडो टाके, एकही बाहेर न दिसणारा. खांद्याला कापसाचा पातळ थर. मुंढ्याभोवती पांढऱ्या धाग्याची कच्ची शिलाई. आणि पाठीच्या मधल्या शिवणीत, दोन्ही बाजूंना इस्त्री करून सपाट बसवलेली माया. मी बोटं ठेवून पाहिली. दोन.

“मापाचा कोट असेल तर एवढं कापड ठेवतातच, बेटा,” काका म्हणाले. “माणूस काय एकाच मापाचा राहतो?”

मी दुकानातूनच गावी फोन लावला. “बाबा, दोन बोटं.”

“पाय बरं,” ते म्हणाले आणि मग आईला हाक मारून तिलाही सांगितलं. समुद्रापलीकडचा कुणी नातेवाईक सापडावा, तसा त्यांचा आवाज झाला होता. काकांनी फोन मागून घेतला आणि दोघं दहा मिनिटं बोलले, एक गुजराती वळणाच्या हिंदीत, दुसरे झाडीच्या हिंदीत. बकरम, घोड्याचे केस, खांद्याचा उतार. काकांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

बाबांना कोट आतून पाहायची एवढी ओढ का, हे समजायला त्यांचा काळा कोट माहीत असायला हवा.

१९८३ चा ‘ऑक्टोपसी’ हा बाँडपट आपल्या उदयपूरला चित्रित झाला. त्यात कबीर बेदी होता, म्हणून आमच्याकडच्या लोकांना त्याचं विशेष. दोन-तीन वर्षांनी कधीतरी वडशाला तो व्हिडिओवर लागला आणि बाबा पाहून आले. तोवर त्यांनी ऐतिहासिक आणि सामाजिक नाटकांचे कपडे शिवले होते. अंगरखे, चुणीदार, फेटे, पाटलाचं बाराबंदी, आणि पुरुष स्त्रीभूमिका करत त्या काळातली नऊवारीची सगळी सरबराई. त्याच हंगामात एका मंडळानं नाटकात सीआयडीवाला घेतला आणि त्याच्यासाठी साहेबी कोट मागितला. बाबांना तसा कोट शिवता येत नव्हता. शिकवणारं कुणी नव्हतं. ते नागपूरला गेले, जुन्या कपड्यांच्या बाजारातून जुना विलायती कोट विकत घेतला, घरी आणला आणि तीन रात्री कंदिलाच्या उजेडात तो टाक्याटाक्यानं उसवला. प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घातला. कागदावर ठेवून रेघ मारली. आई सांगते, चौथ्या दिवशी घरभर कोटाचे अवयव पसरलेले होते आणि बाबा त्यांच्यामध्ये मांडी घालून गप्प बसले होते. त्यातून त्यांचा पहिला कोट झाला. काळं टेरीकॉट, आत बकरम, जांभळं अस्तर.

तो कोट किती जणांनी घातला याला मोजदाद नाही. सीआयडीवाला, वकील, डॉक्टर, शहरातून आलेला सावकाराचा मुलगा, कितीतरी नवरदेव. रात्रभर घामानं भिजायचा, सकाळी बाबा अस्तर बाहेर काढून उन्हात टाकायचे, संध्याकाळी इस्त्री, पुन्हा पेटीत, पुन्हा दुसरं गाव. बार्बिकनमधला प्रत्येक सूट चित्रीकरण संपल्यावर मोकळा झाला होता, म्हणून तो जपून ठेवता आला. आमच्याकडे कपड्याचं काम संपतच नाही. चिंधी होईपर्यंत तो मंचावर असतो, आणि चिंधी झाल्यावर मेकअप पुसायला. पण बाँडवाल्यांनीही पहिल्यापासून सगळं सांभाळलं असं नाही. सुरुवातीच्या सिनेमांतले काही कपडे मुळात उरलेच नव्हते, ते प्रदर्शनासाठी नव्यानं शिवले होते. त्या नव्या कपड्यांपुढे उभी असताना मला आमच्या मेकअपच्या डब्यातल्या चिंध्या आठवल्या. त्यात कुणाचा अंगरखा होता, कुणाचा शेला, कुणास ठाऊक.

सामानाबद्दलही लिहायला हवं, कारण बाबांच्या पेट्यांत एक पेटी त्याचीच होती.

‘द मॅन विथ द गोल्डन गन’ १९७४ चा. त्यातली सोन्याची बंदूक सुट्या वस्तू जोडून तयार होते. फाउंटन पेन ही नळी, सिगारेट लायटर हा मधला भाग, सिगारेटची डबी ही मूठ आणि शर्टाच्या बाहीचं बटण हा घोडा. काचेत ती पाहिली तेव्हा वाटलं, हे आमच्या गावच्या सुतारकाकांना दाखवायला हवं. बाबांच्या पेटीतलं रिव्हॉल्व्हर त्यांनीच केलेलं. मूठ सागवानाची, नळी मोडक्या छत्रीच्या दांडीची, वर काळा ऑइलपेंट. फिरत्या चक्रीच्या जागी त्यांनी दोऱ्याचं रीळ बसवलं होतं आणि ते खरंच फिरायचं. गोळीचा आवाज पडद्यामागून फटाक्यानं. जानेवारीत रात्री दोनच्या पुढे दव पडतं, वात सर्द होते आणि फटाका कधी कधी पेटत नाही. आमचे तबलजी हे ओळखून असत. नटाच्या बोटावर त्यांची नजर असायची आणि फटाका वाजला नाही तर त्याच क्षणी डग्ग्यावर अशी थाप पडायची की पुढे बसलेली लेकरं दचकून आईला बिलगायची. खलनायक पडायचा. हजारभर माणसं श्वास धरून बसायची. त्या लाकडाच्या तुकड्यानं माणूस मेला, यावर कुणालाही शंका नसायची. मलाही नसायची, आणि मी तर ते रीळ स्वतः पेटीत ठेवलेलं असायचं.

नंतर कधीतरी वाचलं, की १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या जाहिरातीसाठी कॉनरीचे फोटो काढायचे ठरले तेव्हा बाँडचं ते प्रसिद्ध वॉल्थर पीपीके पिस्तूल आणायचं राहून गेलं. डेव्हिड हर्न या छायाचित्रकाराकडे स्वतःचं छऱ्याचं पिस्तूल होतं, नेम धरायचं. तेच कॉनरीच्या हातात दिलं. छातीवर लांब नळीचं पिस्तूल धरलेली ती जगप्रसिद्ध छबी छऱ्याच्या पिस्तुलाची आहे. २०१० मध्ये ते लिलावात दोन लाख सत्त्याहत्तर हजार पौंडांना गेलं. बाबांना आकडा सांगितला नाही, पिस्तुलाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, हातात धरणारा खरा पाहिजे, बस.

पोलादी दातांपाशी मी बराच वेळ उभी होते. सात फुटांहून उंच रिचर्ड कील हा नट ते दात लावून ‘जॉज’ व्हायचा, १९७७ च्या आणि १९७९ च्या सिनेमांत. एवढा अजस्र माणूस आणि दात काचेत ठेवल्यावर मुठीत मावतील एवढे. ते तोंडात इतके टोचायचे, की काही मिनिटांपलीकडे त्याला ठेवता येत नसत. सिनेमात आपण घाबरतो त्या दृश्यात तो नट दुखणं सोसत उभा आहे, हे कळल्यावर मला ते दात पुन्हा पाहावेसे वाटले, म्हणून मागे वळून गेले.

आणि केन अॅडमची रेखाटनं. हा नेपथ्यकार बर्लिनला जन्मलेला, ज्यू, नाझींच्या काळात मुलगा असताना घरच्यांबरोबर इंग्लंडला आलेला, पुढे ब्रिटिश हवाई दलात वैमानिक. ‘गोल्डफिंगर’साठी त्याला अमेरिकेच्या सरकारी सोन्याची कोठी, फोर्ट नॉक्स, आतून उभी करायची होती. आत जायला कुणालाच परवानगी नव्हती. त्यानं ती मनानं रचली, सोन्याच्या विटा छतापर्यंत नेल्या, आणि लोकांना वाटलं हेच खरं. आमच्या भागातले पडदे रंगवणारे कलाकारही असेच. त्यांनी राजवाडा कधी पाहिलेला नसायचा. पण त्यांच्या पडद्यावरच्या खांबांमागे अंधार असा काही असायचा, की लहानपणी मला तिथं आत जाता येईल असं वाटे. आता बहुतेक ठिकाणी फ्लेक्स आले. ते छापलेले असतात, त्यात अंधार नसतो.

बाबा गेले त्याला पाच वर्षं झाली. नागपूरहून गावी जाते तेव्हा मी पेट्यांना ऊन दाखवते, डांबरगोळ्या बदलते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा गावात फटाके वाजले आणि मला फार आनंद झाला. त्याच आठवड्यात मी एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. पेट्यांत काय काय आहे त्याची यादी जोडली. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, तेही तसंच गेलं. त्यांच्याकडे जागा नसेल हे मी समजू शकते. पण एक पोचपावती आली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण त्या यादीत बाबांच्या अक्षरातली मापांची वही होती आणि तिचं मोल मला कुणाशी तरी बोलायचं होतं.

ती वही लांबट आहे, किराणा दुकानात असते तशी. १९७९ पासूनची नावं. प्रत्येकापुढे छाती, खांदा, बाही, कंबर. त्याच माणसाचं नाव काही वर्षांनी पुन्हा येतं आणि छाती दोन इंचांनी वाढलेली असते. काहींचं वाढत वाढत जाऊन एका वर्षी एकदम कमी होतं, आणि त्यानंतर नाव येत नाही. काही नावांपुढे बाबांनी एकच शब्द लिहिलाय. ‘डावरा.’ ‘खांदा उतरता.’ ‘घामट.’ एका ठिकाणी ‘रडला की पाठ वाकते, माया जास्त.’ या एका ओळीवर मी कितीदा थांबले असेन.

गेल्या हंगामात, पौषात, मी गावी होते. शेजारच्या गावी नाटक होतं. दुपारी तीनच्या सुमाराला मोटरसायकलवरून एक पोरगा आला. पंचविशीचा, रुंद खांद्याचा, शेतावरून थेट आलेला. त्याच्या मंडळाचा कोट आदल्या रात्री पेटत्या हॅलोजनला लागून जळाला होता. त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं, त्या घरी काळा कोट असन, जाऊन पाय.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी कोट जपून ठेवणार आहे, नागपूरला नेऊन काचेच्या कपाटात लावणार आहे, हे मी तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

कोट काढला. कॉलरच्या आत पांढऱ्या पट्टीवर पक्क्या शाईची नावं, एकावर एक, धुऊन फिकी झालेली. पोरानं घातला, तर पुढून बटण लागेना आणि पाठ ताणली. मी अस्तराचा खालचा टाका उसवला आणि आत पाहिलं. पाठीच्या शिवणीशेजारी जुन्या टिपांच्या बारीक भोकांच्या तीन रांगा होत्या. तीनदा सैल झालेला कोट. आत आता दोऱ्याएवढंच कापड शिल्लक असेल, असं मला वाटलं होतं. होतं पाऊण बोट. बाबांनी मुळात किती सोडलं असेल याचा हिशेब मी मनात करत बसले आणि पोरगा तसाच हात वर करून उभा होता.

“ताई, होईन का?”

“होईन,” मी म्हटलं. “मापं सांगते, तू लिहून घे.” वही त्याच्या हातात दिली. छाती ४१, खांदा साडेअठरा. त्यानं स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं. मागच्या पानावर आजोबांचं नाव असेल, शोध, असं आई म्हणाली. तो पानं उलटत छपरीत बसला आणि मी मशीनवर.

रात्री मीही गेले. समोर बसायला जागा होती, पण मी मागे गेले, बाबा बसायचे तिथं, कनातीच्या आत, लोखंडी पेटीवर. तिथून नाटक उलटं दिसतं. नटांच्या पाठी दिसतात आणि त्यांच्यापलीकडे अंधारात लोकांचे चेहरे. पोरगा माझ्यापुढून मंचावर गेला. पाठीवर शिवण सरळ बसली होती. पहिल्या अंकात त्यानं दोन्ही हात वर करून मोठं भाषण केलं, तेव्हा मी शिवणीवरची नजर काढली नाही. ती टिकली.

दुसरा अंक संपला तसा तो धावत मागे आला, घामानं थबथबलेला, उजवा हात बाजूला धरून. बगलेत चार बोटं उसवलं होतं.

सुईत दोरा मी ओवून ठेवलेलाच होता.